संश्लेषक भागाकार: अक्षरे गाळूनही उत्तर बरोबर का येते?

बहुपदीला क्ष − ३ सारख्या रेषीय भाजकाने भागण्याची संश्लेषक पद्धत महाराष्ट्रातील विद्यार्थी साधारणपणे नववीत शिकतात. ती लक्षात राहायला सोपी आहे: भाज्याचे सहगुणक एका ओळीत लिहायचे, भाजकातील संख्या चिन्ह बदलून डावीकडे मांडायची, पहिला सहगुणक जसाच्या तसा खाली उतरवायचा, त्याला डावीकडच्या संख्येने गुणून आलेला गुणाकार पुढच्या सहगुणकाखाली लिहायचा, दोघांची बेरीज करायची आणि ओळ संपेपर्यंत हेच करत राहायचे. परीक्षेत गुण मिळवायला एवढे पुरते. मात्र चलाचे अक्षर कुठेही न लिहिता भागाकार कसा होतो, भाजकात उणे तीन असताना आपण अधिक तीन का घेतो, वजाबाकीच्या जागी बेरीज कशी चालते आणि शेवटची संख्या म्हणजे बाकीच का, या प्रश्नांची उत्तरे त्या कृतीत कुठेच दिसत नाहीत. ती उत्तरे अवघड नाहीत आणि ती मिळवायला नववीच्या पलीकडचे गणितही लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. २क्ष³ − ५क्ष² + क्ष + ७ या बहुपदीला क्ष − ३ ने भागायचे आहे. संश्लेषक मांडणी अशी होते:

३ | २  −५  १  ७
  |    ६  ३  १२
  | २  १  ४  १९

खालच्या ओळीतील २, १, ४ हे भागाकाराचे सहगुणक आहेत, म्हणून भागाकार २क्ष² + क्ष + ४ आणि बाकी १९.

आता हेच उदाहरण नेहमीच्या लांब भागाकाराने करू आणि त्यात नेमके काय घडते ते पाहू. २क्ष³ मध्ये क्ष चा भाग २क्ष² वेळा जातो, म्हणून भाजकाला २क्ष² ने गुणून २क्ष³ − ६क्ष² लिहायचे आणि ते भाज्यातून वजा करायचे. २क्ष³ मधून २क्ष³ गेले, काहीच उरले नाही. −५क्ष² मधून −६क्ष² वजा केल्यावर क्ष² उरला. पुढचे पद खाली घेतले की क्ष² + क्ष मिळते. आता क्ष चा भाग क्ष वेळा जातो, गुणाकार क्ष² − ३क्ष येतो, क्ष² पुन्हा नाहीसा होतो आणि क्ष मधून −३क्ष वजा केल्यावर ४क्ष उरतात. शेवटी ४ वेळा भाग गेला, गुणाकार ४क्ष − १२ आला, ४क्ष नाहीसे झाले आणि ७ मधून −१२ वजा करून १९ उरले.

या सगळ्या लिखाणात खरी माहिती किती आणि निव्वळ पुनरुक्ती किती, हे तपासून पाहावे. प्रत्येक पायरीवरील पहिली वजाबाकी शून्यच देते, कारण आपण भागाकाराचे पद मुळात अग्रपद नाहीसे व्हावे अशाच हिशेबाने निवडलेले असते. जे ठरवूनच शून्य होणार आहे ते लिहून दाखवण्याची गरज नाही. दुसरे असे की, भाजकात क्ष चा सहगुणक १ असल्यामुळे उरलेल्या बहुपदीचा पहिला सहगुणक हाच भागाकाराच्या पुढच्या पदाचा सहगुणक असतो, त्यामुळे एकच संख्या वर भागाकारात आणि खाली उरलेल्या राशीत अशी दोनदा लिहिली जाते. ती एकदा लिहिली तरी पुरे. तिसरे म्हणजे अक्षरे. कोणती संख्या क्ष च्या कोणत्या घाताची आहे, हे तिच्या जागेवरूनच कळत असेल, तर अक्षर लिहून ते पुन्हा सांगावे लागत नाही. आणि चौथी गोष्ट चिन्हाची. प्रत्येक पायरीवर आपण आधी −३ ने गुणतो आणि मग वजा करतो. −३ ने गुणून वजा करणे म्हणजेच ३ ने गुणून मिळवणे, म्हणून चिन्ह एकदाच सुरुवातीला बदलून घेतले की पुढे सरळ बेरजा करत जाता येते.

लांब भागाकारातून या चार गोष्टी काढून टाकल्या की जे उरते ते वरची तीन ओळींची मांडणीच. ही वेगळी युक्ती नसून त्याच भागाकाराचे काटकसरीने केलेले लेखन आहे. चिन्ह बदलण्यात विद्यार्थी चुकतात ते बहुतेक वेळा याच कारणाने, की ते चिन्ह वजाबाकीचे काम आधीच उरकून ठेवते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. या भागाकारात आपण एकदाही भागत नाही. भाजकाचा पहिला सहगुणक १ असल्यामुळे भागाकाराचे पद काढताना १ नेच भागायचे असते आणि ते न केल्यासारखेच आहे. म्हणून भाज्याचे सर्व सहगुणक आणि डावीकडची संख्या पूर्णांक असतील तर खालच्या ओळीत अपूर्णांक येऊच शकत नाही. आला तर बेरीज किंवा गुणाकार चुकला आहे असे खुशाल समजावे.

इथपर्यंतचे स्पष्टीकरण एका उदाहरणाच्या आधारे झाले. ही पद्धत नेहमीच चालते हे दाखवायचे तर अक्षरांकडे वळावे लागेल, आणि माझ्या मते खरी मौज तिथेच आहे. भाज्य अ·क्ष³ + ब·क्ष² + क·क्ष + ड असे घेऊ, भाजक क्ष − म, भागाकार प·क्ष² + फ·क्ष + भ आणि बाकी श. भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, हा प्राथमिक शाळेतला ताळा इथेही लागू आहे. म्हणून उजवी बाजू उलगडून लिहू:

(क्ष − म)(प·क्ष² + फ·क्ष + भ) + श
= प·क्ष³ + (फ − म·प)·क्ष² + (भ − म·फ)·क्ष + (श − म·भ)

ही राशी आणि भाज्य समान असायचे तर क्ष च्या प्रत्येक घाताचे सहगुणक जुळले पाहिजेत. अ = प, ब = फ − म·प, क = भ − म·फ आणि ड = श − म·भ. उणे पदे पलीकडे नेली की चार समीकरणे अशी दिसतात:

प = अ
फ = ब + म·प
भ = क + म·फ
श = ड + म·भ

ही चार समीकरणे म्हणजेच संश्लेषक भागाकाराची कृती. पहिले समीकरण सांगते की पहिला सहगुणक जसाच्या तसा उतरवा. दुसरे सांगते की त्याला म ने गुणून पुढच्या सहगुणकात मिळवा, तिसरे आणि चौथेही तेच सांगतात. म चे चिन्ह बदलते ते उणे पद पलीकडे नेल्यामुळे, आणि बेरीज येते तीही त्यामुळेच. प कळल्याशिवाय फ काढता येत नाही आणि फ कळल्याशिवाय भ, म्हणून काम डावीकडून उजवीकडेच करावे लागते.

गुणाकार एक घर उजवीकडे सरकवून का लिहायचा, तेही इथे उलगडते. भागाकारातील प·क्ष² या पदाला भाजकातील क्ष ने गुणले की त्याचा घात एकने वाढून ते क्ष³ च्या घरात जाते, पण −म ने गुणले तर ते क्ष² च्याच घरात राहते. म्हणजे एकच प दोन शेजारच्या घरांत हजेरी लावतो, एकदा १ ने गुणलेला आणि एकदा −म ने गुणलेला. मांडणीत आपण प लिहितो तो क्ष³ च्या सहगुणकाखाली, पण तो सहगुणक असतो क्ष² चा. भागाकाराची कोटी (म्हणजे क्ष चा सर्वांत मोठा घात) भाज्याच्या कोटीपेक्षा एकने कमी येते, असे पाठ केलेले जे वाक्य असते त्याचे कारण हे.

या समीकरणांनी आणखी एक काम न सांगता करून टाकले आहे. प ची किंमत एकच असू शकते. ती ठरली की फ ची एकच, मग भ ची, मग श ची. म्हणजे भागाकार आणि बाकी यांची अशी जोडी अस्तित्वात असते, आणि ती एकच असते, हे दोन्ही एकदमच सिद्ध झाले. कोटी तीनच्या जागी तीस असली तरी समीकरणांची संख्या वाढेल, त्यांचे रूप बदलणार नाही.

आता शेवटच्या संख्येकडे येऊ. शेष सिद्धांत सांगतो की बहुपदीला क्ष − म ने भागल्यावर येणारी बाकी म्हणजे क्ष च्या जागी म ठेवल्यावर येणारी किंमत. सिद्धता एका ओळीची आहे: ताळ्याच्या समीकरणात क्ष = म ठेवले की क्ष − म शून्य होतो, त्याच्याबरोबर भागाकार कितीही मोठा असला तरी तो जातो आणि उरते ती बाकी. सिद्धता निर्दोष आहे, पण खालच्या ओळीतील १९ ही संख्या त्या किमतीपर्यंत पोहोचली कशी, हे तिच्यातून दिसत नाही. ते पाहायचे तर बहुपदी थोड्या निराळ्या रीतीने लिहावी लागते. २क्ष³ − ५क्ष² + क्ष + ७ यातील पहिल्या तीन पदांतून क्ष सामाईक काढा, आत जे उरेल त्यातल्या पहिल्या दोन पदांतून पुन्हा काढा:

((२क्ष − ५)क्ष + १)क्ष + ७

यात क्ष = ३ ठेवून अगदी आतल्या कंसापासून किंमत काढत बाहेर या. सुरुवात २. त्याला ३ ने गुणून ५ वजा केले, आले १. त्याला ३ ने गुणून १ मिळवला, आले ४. त्याला ३ ने गुणून ७ मिळवले, आले १९. २, १, ४, १९ ही आपली खालची ओळच आहे. किंमत काढताना वाटेत जे टप्पे लागतात तेच भागाकाराचे सहगुणक असतात, म्हणजे बहुपदीची किंमत काढणे आणि तिला भागणे ही दोन कामे वेगळी नाहीतच.

कंसात कंस घालून किंमत काढण्याची ही रीत काटकसरीचीही आहे. पदे सुटी ठेवून क्ष चे घात एकेक करत काढत गेले तर ज्या बहुपदीची कोटी ‘न’ आहे तिच्यासाठी साधारणपणे २न − १ गुणाकार लागतात, या रीतीने मात्र ‘न’ गुणाकार आणि ‘न’ बेरजा पुरतात. सर्व बहुपदींना सारखीच लागू पडेल अशी आणि याहून कमी गुणाकारांत काम करणारी रीत असू शकत नाही, हे गणितज्ञ व्हिक्टर पान यांनी १९६६ मध्ये सिद्ध केले. संगणकावर बहुपदीची किंमत काढताना आजही याच क्रमाने हिशेब करण्याचा प्रघात आहे.

खालच्या ओळीतून मिळणारी एक माहिती बरेचजण वाया घालवतात. आपल्या उदाहरणात डावीकडची संख्या ३ धन आहे आणि खालच्या २, १, ४, १९ या सगळ्याच संख्या धन आहेत. याचा अर्थ ३ पेक्षा मोठी कोणतीही संख्या या बहुपदीचे मूळ, म्हणजे तिची किंमत शून्य करणारी संख्या, असू शकत नाही. कारण क्ष ३ पेक्षा मोठा असेल तर क्ष − ३ धन, २क्ष² + क्ष + ४ धन आणि १९ ही धन, मग त्यांच्यापासून बनणारी किंमत शून्य होणार कशी? अवयव शोधताना ४, ५, ६ अशा संख्या एकामागून एक घालून पाहण्याचा खटाटोप अशा वेळी आपोआप वाचतो.

आता ही बहुपदीतली गोष्ट अंकगणितात आणून पाहू. २३५७ ही संख्या म्हणजे २क्ष³ + ३क्ष² + ५क्ष + ७ या बहुपदीची क्ष = १० असतानाची किंमत, आणि ९ म्हणजे क्ष − १. तेव्हा २३५७ ला ९ ने भागायला डावीकडे १ घेऊन संश्लेषक भागाकार करता येईल. खालची ओळ २, ५, १०, १७ अशी येते. भागाकार २०० + ५० + १० म्हणजे २६०, बाकी १७. बाकी ९ पेक्षा मोठी असल्याने तिच्यातून आणखी एक ९ काढता येतो, म्हणून भागाकार २६१ आणि बाकी ८. डावीकडे १ असल्यामुळे गुणाकार नावापुरताच उरतो आणि शेवटची संख्या म्हणजे केवळ अंकांची बेरीज असते. अंकांच्या बेरजेला ९ ने भाग जात असेल तर संख्येलाही जातो, ही लहानपणापासूनची कसोटी शेष सिद्धांताचेच एक रूप आहे. वैदिक गणिताच्या वर्गांत ‘परावर्त्य योजयेत्’ या सूत्राखाली भागाकाराची जी रीत शिकवतात, तीही हीच: भाजकातील संख्येचे चिन्ह उलटवायचे आणि मिळवत जायचे.

मांडणीत ज्या ठिकाणी हटकून चुका होतात त्यांची कारणेही आता सांगता येतात. क्ष⁴ − १६ ला क्ष − २ ने भागताना सहगुणक १, ०, ०, ०, −१६ असे लिहावे लागतात, कारण अक्षरे गाळल्यावर घाताची ओळख फक्त जागेवरून पटते, आणि शून्य सोडून दिले तर पुढच्या सगळ्या संख्या चुकीच्या घरात बसतात. खालची ओळ १, २, ४, ८, ० येते. शेवटी शून्य आले, म्हणून क्ष − २ हा अवयव आहे.

भाजक २क्ष − १ असेल तर? डावीकडे १/२ घ्यायचा, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते, कारण २क्ष − १ = ० पासून तेच मिळते. पण मग भागाकाराला २ ने भागायचे आणि बाकीला मात्र हात लावायचा नाही, हे कोड्यात टाकते. ४क्ष³ − २क्ष² + ६क्ष + ५ घेऊ. डावीकडे १/२ ठेवून खालची ओळ ४, ०, ६, ८ येते. शेवटच्या घरात ५ अधिक ६ चा निम्मा म्हणजे ३, म्हणून ८. ही कृती क्ष − १/२ ने भागण्याची झाली, तेव्हा भाज्य = (क्ष − १/२)(४क्ष² + ६) + ८. पहिल्या कंसाला २ ने गुणले आणि दुसऱ्याला २ ने भागले तर गुणाकार तोच राहतो: (२क्ष − १)(२क्ष² + ३) + ८. बाकी त्या गुणाकाराच्या बाहेर उभी आहे, म्हणून तिला काही होत नाही.

भाजक द्विघाती असला तर ही पद्धत बंद पडते असे काही पुस्तकी सारांशांत सुचवले जाते, पण ते खरे नाही. क्ष³ + ४क्ष² + ५क्ष + ६ ला क्ष² − क्ष − २ ने भागायचे असेल तर चिन्हे बदलून १ आणि २ या दोन संख्या घ्यायच्या, आणि प्रत्येक घरात लगतच्या डावीकडच्या उत्तराची १ पट आणि त्याच्याही डावीकडच्या उत्तराची २ पट मिळवायची. पहिले उत्तर १; दुसरे ४ + १ = ५; तिसरे ५ + ५ + २ = १२. शेवटच्या घरात ६ मध्ये फक्त ५ ची २ पट मिळवायची, कारण १२ हा भागाकाराचा भाग नसून बाकीचा आहे आणि बाकीला भाजकाने गुणायचे नसते. उत्तर १६. भागाकार क्ष + ५, बाकी १२क्ष + १६. सहगुणकांची तुलना पुन्हा मांडून पाहिली तर हा नियमही तसाच बाहेर पडतो.

ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या मंडळींना मुळात भागाकारात रस नव्हता, त्यांना समीकरणांची मुळे काढायची होती. इंग्लंडमधील विल्यम जॉर्ज हॉर्नर यांनी आपली रीत १८१९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडली. इटलीतील पाओलो रुफिनी यांनी १८०४ मध्येच तिचे वर्णन केलेले होते, आणि इटली व स्पेनमधील शाळांत आजही तिला रुफिनीचा नियम म्हणतात. चीनमध्ये तर छिन ज्यूशाओ यांनी १२४७ मध्ये याच धाटणीच्या हिशेबाने दहाव्या कोटीपर्यंतची समीकरणे सोडवली होती.

त्यांचे काम कसे चाले ते क्ष³ − २क्ष − ५ = ० या समीकरणावर पाहू; न्यूटननेही १६६९ मध्ये आपली रीत समजावताना हेच उदाहरण घेतले होते. क्ष = २ ठेवल्यास किंमत −१ येते आणि क्ष = ३ ठेवल्यास १६, म्हणून मूळ २ च्या थोडे पुढे आहे. डावीकडे २ घेऊन भागू, मग आलेल्या भागाकारालाच पुन्हा २ ने, आणि त्याच्याही भागाकाराला पुन्हा २ ने:

२ | १  ०  −२  −५
  | १  २  २  −१
  | १  ४  १०
  | १  ६
  | १

(इथे मधल्या गुणाकारांच्या ओळी गाळल्या आहेत.) प्रत्येक ओळीच्या शेवटच्या संख्या वरून खाली −१, १०, ६, १ अशा आहेत. पहिल्या भागाकाराचा ताळा लिहून त्यातील भागाकाराच्या जागी त्याचा स्वतःचा ताळा घातला, आणि हेच पुढे केले, तर भाज्य (क्ष − २)³ + ६(क्ष − २)² + १०(क्ष − २) − १ असे दिसू लागते. क्ष − २ ला य म्हटले तर नवे समीकरण य³ + ६य² + १०य − १ = ० होते आणि त्याचे मूळ म्हणजे जुन्या मुळाचा २ च्या पुढचा भाग. तो भाग लहान असल्याने य² आणि य³ ची पदे किरकोळ ठरतात, १०य ≈ १, म्हणजे य साधारण ०.१ आणि त्याहून किंचित कमी. म्हणून ०.०९ घेऊन तीच कृती या नव्या समीकरणावर करायची. पहिल्या ओळीत १, ६.०९, १०.५४८१, −०.०५०६७१ येतात आणि दुसऱ्या ओळीत १, ६.१८, ११.१०४३. आता उरलेला भाग ०.०५०६७१ ला ११.१०४३ ने भागून सुमारे ०.००४५६ मिळतो, म्हणजे मूळ सुमारे २.०९४५६. खरे मूळ २.०९४५५१४… आहे, आणि पुढचे अंक हवे असतील तर हीच मांडणी आणखी एकदा करायची.